पिंपाची घोडी

बाबांचा गुण्या आमच्या घरी देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला टांगलेला असे. लाकडी दांड्यात काटकोनात बसवलेली लोखंडी पट्टी, एवढंच ते हत्यार. पण आई सकाळी देवांना हळदकुंकू लावताना त्यालाही एक बोट लावायची आणि वर पुटपुटायची, की देवापेक्षा हाच आपल्याला जेवायला घालतो. आई चिंचणीची. समुद्र सोडून मासवणच्या अलीकडच्या त्या गावात येऊन राहायचं तिच्या जिवावर आलं होतं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथली शाळा अजून चालू आहे. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, मागच्या पडवीत बाबांचं सुतारकाम. पहाटे रंध्याचा आवाज सुरू झाला की मी जागी व्हायचे. लाकूड कोरडं असलं तर तो आवाज लांबलचक आणि स्वच्छ यायचा, ओलं असलं तर बाबा मधेच थांबायचे आणि हलक्या आवाजात शिवी द्यायचे. रंध्यातून निघालेल्या कुरळ्या सालींवर आई चूल पेटवायची, त्यामुळे तांदळाच्या भाकरीलाही मला कायम सागाचा वास येतो असं वाटे. सोबत सुक्या बोंबलाचं कालवण नाहीतर वाल. बोंबील महिन्याला चिंचणीहून यायचे. संपत आले की आईचा पारा चढे आणि इथल्या पाण्याला चव नाय, इथल्या माणसांना समुद्र ठाऊक नाय, अशी टकळी दिवसभर चाले. बाबा ऐकून घ्यायचे. बोलण्यात आईशी कोणीच जिंकलं नाही.

बाबा शाळेत सुतारकाम शिकवायचे. सगळे त्यांना सुतारगुरुजी म्हणत. कागदोपत्री ते गुरुजी नव्हतेच, चौथीपर्यंत शिकलेले कारागीर होते आणि त्यांना रोजंदारीवर ठेवलेलं होतं. पाचवी ते सातवीच्या मुलांना सुतारकाम आणि मुलींना शिवणकाम, अशी मूळ योजना होती. पण शिवणयंत्र आलं ते मोडकंच आलं आणि शिवणाच्या बाई आल्याच नाहीत, म्हणून मुलींनाही सुतारकामाच्या शेडमध्ये पिटाळलं गेलं. अशी मी रंधा धरायला शिकले. समतेचा वगैरे विचार त्यामागे कोणाच्या डोक्यात नव्हता, रिकाम्या मुलींचा शाळेला ताप नको एवढाच होता.

बाबांना भूमितीची व्याख्या एकही येत नव्हती, पण सगळी भूमिती हातात होती. पहिल्या तासाला ते बारा सारख्या भागांच्या गाठी मारलेली दोरी आणायचे. तीन भाग एकीकडे, चार दुसरीकडे, पाच भागांनी तोंडं जोडायची, की झाला काटकोन. मग गुण्या लावून दाखवायचे, मुलं तोंडाचा आ करायची. दुसऱ्या तासाला चार पट्ट्या टोकांना एकेक खिळा मारून जोडायच्या आणि त्या चौकोनाला बोटाने ढकलायचं. चौकोन आडवा पडायचा. पाचवी पट्टी कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी ठोकायची, मग वर उभं राहिलं तरी हलायचा नाही. ‘चौकोन नाचतो,’ बाबा म्हणायचे, ‘तिकोन नाचत नाय. तुमी चौकोन केला ना, त्याच्या पोटात तिकोन घाला, मंग झोपा निवांत.’ पाट, चौरंग, कंदिलाची खुंटी, जे काही आम्ही बनवलं त्यात हा धडा कुठे ना कुठे यायचाच.

हे सगळं मला सर्वांत आधी यायला हवं होतं. मी त्यांची मुलगी, हत्यारांत वाढलेली. पण वर्गात सोनी होती. पलीकडच्या पाड्यावरची, माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठी, उशिरा शाळेत आलेली. पाढे म्हणताना ती अडखळायची आणि भूमितीच्या वहीत तिची रेघ नेहमी घसरलेली असायची. लाकूड हातात आलं की मात्र तिला मोजावंच लागत नसे. पट्टीवर एक डोळा मिटून बघायची आणि कुठे तासायचं तिथे नखाने खूण करायची. बाबा मागून गुण्या लावायचे तर बरोबर तिथेच. एकदा सगळ्यांसमोर ते म्हणाले, की असा हात मी माझ्या बापाचा पाहिला, त्यानंतर हिचा. मी शेजारीच माझा चौरंग घासत होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्या रात्री मी जेवले नाही आणि पोट दुखतंय असं सांगितलं. हेवा कसा असतो ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि तो लपवायचा कसा तेही.

दिवाळीनंतर वर्गातली निम्मी बाकं रिकामी व्हायची. पाड्यांवरची कुटुंबं बोइसरकडे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर कामाला जायची आणि मुलं त्यांच्याबरोबर. त्या वर्षी सोनी जाऊ नये म्हणून बाबा स्वतः तिच्या बापाकडे गेले. मीही बरोबर होते. तिचा बाप अंगणात उकिडवा बसून ऐकत होता. बाबा म्हणाले, ‘सातवी होऊं द्या तिची. मी पालघरला वळखीच्या कारखान्यात घालतो. पोरीचा हात वाया घालू नका.’ शेवटी बाप म्हणाला, की पोर आठ दिवस आमच्याबरोबर येऊन झोपडं उभं करून देईल, मग आत्याकडे ठेवतो. येताना बाबा रस्ताभर शीळ घालत होते. मी दगड लाथाडत मागून चालले होते.

सोनी जायच्या आधी आम्ही घोडी पूर्ण केली. शाळेने बोइसरच्या कुठल्याशा कारखान्यातून लोखंडी पिंप आणलं होतं, पिण्याच्या पाण्यासाठी. सोडा घालून, राख घालून किती घासलं तरी उन्हाळ्यात त्याला औषधासारखा वास यायचा. आता कोणी पिऊ देणार नाही ते पाणी, आम्ही दोन वर्षं प्यायलो. पिंप उंचावर हवं, खाली तोटी, तोटीखाली बादली. म्हणून सातवीच्या वर्गाने ऐनाच्या लाकडाची कमरेएवढी घोडी करायची असं ठरलं. चार पाय, वर-खाली आडव्या पट्ट्या, सगळे सांधे खाचेत बसवलेले. चारही बाजूंना एकेक तिरकी पट्टी बसवायचं काम बाबांनी सोनीला दिलं. प्रत्येक टोकाला दोन स्क्रू. बाबांनी शेवटी घोडीवर चढून उड्या मारल्या, सगळी पोरं हसली, आणि घोडी तसूभर हलली नाही. पाणी भरलेलं पिंप दोन बाप्यांना रेटत नसे, ते तिने निमूट पेललं.

त्याच आठवड्यात गणिताच्या सरांनी चौकोनांचा धडा घेतला. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि दोन्ही कर्ण सारखे, तर चारही कोन काटकोन. सिद्धता त्यांनी फळ्यावर लिहिली आणि मी ती एका दमात पाठ केली. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, निदान मला तसं वाटलं. घोडीची चौकट जर कर्ण मोजून काटकोनात आहे हे सिद्ध होतं, तर तिरकी पट्टी कशाला? बाबा शिकलेले नाहीत म्हणून त्यांना पट्टी लागते, पुस्तक शिकलेल्याला लागत नाही. शिवाय पुढच्या पट्टीला बादल्या अडायच्या, मुलींच्या नडग्या खरचटायच्या, अशी लोकहिताची कारणंही मी गोळा केली. आज या वयात खोटं लिहून काय मिळणार आहे. पट्टी मी गणितासाठी काढली नाही. ती सोनीने बसवली होती म्हणून काढली.

सोनी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी पिंप घासायसाठी रिकामं करून खाली उतरवलं होतं. मधल्या सुट्टीत मी बाबांच्या पेटीतला पेचकस आणला आणि पुढची पट्टी काढली. दोरीने कर्ण मोजले, अगदी सारखे. एका बाजूला पट्टी नाही आणि समोर आहे हे विचित्र दिसलं म्हणून मागचीही काढली. पुन्हा मोजले, पुन्हा सारखे. आठ स्क्रू मी फ्रॉकच्या खिशात घातले आणि पट्ट्या शेडमधल्या फळ्यांखाली सरकवल्या. संध्याकाळी पिंप वर चढवून भरलं. बाबा तेव्हा शेडची कौलं शाकारण्यात गुंतले होते आणि पिंपाकडे येतच नव्हते. मला वाटलं, चारआठ दिवसांनी मीच त्यांना हात धरून नेईन आणि दाखवीन. तेव्हा ते काय म्हणतील हे मी झोपताना रोज मनात बोलून बघायचे.

रोज सकाळी मी दोरीने कर्ण मोजायचे. दोन दिवस सारखे आले. तिसऱ्या दिवशी एका कर्णाची दोरी दुसऱ्यापाशी नेली तर अर्धं बोट उरली. मला वाटलं दोरी ताणली गेली. पाचव्या दिवशी बोटभर उरली. पोरं पाणी पिताना घोडीला रेलायची, एकमेकांना ढकलायची, सगळा भार एकाच अंगाला. चौकट मोजली तेव्हा काटकोनात होती हे खरं, पण तिने काटकोनात राहावं यासाठी तिला कोणी धरलेलंच नव्हतं. हे मला पाचव्या दिवशी कळलं. नीट, पूर्ण कळलं. पट्ट्या शेडमध्येच होत्या, स्क्रू माझ्या कंपासपेटीत होते, पेचकस कुठे असतो ते ठाऊक होतं. पण पट्ट्या परत लावायच्या म्हणजे भरलेलं पिंप उतरवायला कोणाला तरी सांगावं लागणार, आणि कोणी काढल्या ते निघणार. मी सहाव्या दिवशी मोजलंच नाही.

सोनी बोलल्याप्रमाणे आठ दिवसांनी आली. डोक्याला विटांची लाल धूळ, पाय फुटलेले. शाळा भरायच्या आधी ती पिंपाच्या तोटीवर हातपाय धुवायला गेली आणि तिथेच उभी राहिली. मी तुळशीपाशी होते, तिने हाताने बोलावलं. पट्ट्या कोणी काढल्या असं तिने विचारलं. मी म्हटलं, मी काढल्या, पट्टीची गरज नाही, दोन्ही कर्ण सारखे आहेत, सरांनी सिद्ध करून दिलंय.

तिने घोडीकडे एक डोळा मिटून बघितलं. ‘सारखं हाय तं वाकलंय कसं?’

ती शेडमध्ये गेली आणि फळ्यांखालून पट्टी काढून घेऊन आली, जणू तिथेच असणार हे तिला ठाऊक होतं. घोडीला सोनीने एका अंगाने खांदा लावला. ‘धर तिकडून,’ ती म्हणाली. ‘मी पट्टी सारते.’

पलीकडचा पाय धरायला मी दोन पावलं टाकली. ती दोन पावलं मला आजही मोजून सांगता येतील. मग मला वाटलं, हिच्या डोळ्याचं सगळेच खरं मानतात, एकदा दोरी लावून बघायला हवी. कदाचित वाकलेलं नसेलच. मी म्हटलं, थांब, दोरी आणते, आणि वर्गाकडे वळले. सोनीने मला पुन्हा हाक मारली की नाही ते मला आठवत नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले.

दोरी माझ्या हातात होती तेव्हा आवाज झाला. पिंपाचा आवाज आधी आला, दणका आणि मग पाणी. सोनीचा आवाज आलाच नाही. मी धावत गेले तेव्हा घोडी पत्त्यांच्या घरासारखी एका अंगावर निजलेली होती आणि सोनीचा उजवा हात पिंपाच्या काठाखाली, पायरीच्या दगडावर होता. डोळे उघडे होते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग दोरीकडे पाहिलं.

बाबा कौलांवरून कसे उतरले मला माहीत नाही. ज्या पिंपाला दोन बाप्ये लागायचे ते त्यांनी एकट्याने उलथवलं. सोनीला दुधाच्या टेम्पोत घालून ते पालघरच्या दवाखान्यात घेऊन गेले. मनगटापासून पुढचा हात ठेवता आला नाही. त्या दवाखान्यात, आणि नंतर चौकशीला आलेल्या साहेबांसमोर, सोनी एवढंच बोलली, ‘माना नाय ठावं,’ मला ठाऊक नाही. तिने असं का केलं, ते मला तेव्हा कळलं नाही. तिला वाटलं असेल, नाव घेतलं तर गुरुजींचीच पोर, दोष शेवटी गुरुजींवरच जाणार. किंवा नावं घेऊन काही होत नाही हे तिच्या लोकांना आमच्या आधी कळलेलं होतं.

चौकशीच्या आदल्या दिवशी दुपारी मी पडवीत गेले तर बाबा घोडीचे पाय समोर घेऊन बसले होते. वाटीत सरस आणि बारीक भुसा कालवलेला होता. कारागीर चुकून पडलेलं भोक असंच बुजवतो, लाकडाचाच भुसा, लाकडाचाच रंग, वरून पॉलिशपेपर मारला की आंधळाही हात फिरवून फसतो. पुढच्या आणि मागच्या पट्ट्यांच्या स्क्रूची भोकं ते एकेक करून बुजवत होते. मी दारात उभी होते ते त्यांना कळलं होतं. त्यांनी मान वर केली नाही. काम संपल्यावर अंगठ्याने एकेक जागा चाचपून पाहिली. मग हात पुढे केला, तसाच, न बोलता. मी आत जाऊन कंपासपेटीतले आठ स्क्रू आणले आणि त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी ते पेटीत टाकले, पेटी बंद केली आणि आईला म्हणाले, ‘च्या टाक.’

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना सांगितलं, की पुढच्या आणि मागच्या बाजूला तिरक्या पट्ट्या मी बसवल्याच नव्हत्या, बादल्या अडतात म्हणून. साहेबांनी पायावरून हात फिरवला. भोकं नव्हती. शिक्षणाचा दाखला विचारला तर चौथीचा निघाला. हेडमास्तर म्हणाले, की अशा माणसाच्या हाती मुलं द्यायलाच नको होती. गणिताचे सर मान खाली घालून बसले होते, ते तेवढे रडले. बाबांनी आयुष्यात काम कधी कच्चं सोडलं नाही, आणि सगळ्या तालुक्यात त्यांचं नाव कच्च्या कामाचा सुतार म्हणून झालं. माझ्यासाठी झालं. मी तेरा वर्षांची होते, तोंड उघडायला एवढं वय पुरतं. मी उघडलं नाही.

मग आम्ही बोइसरला गेलो. कारखान्यांना बरण्या भरून पाठवायला खोकी लागत, तिथे बाबा खोकी ठोकायला लागले. खाच नाही, रंधा नाही, नुसता खिळा. मुकादम उत्तरेकडचा होता. बाबा सवयीने गुण्या लावायला लागले की तो म्हणायचा, ‘अरे मिस्त्री, नापो मत, ठोको.’ हे बाबा घरी येऊन हसत हसत सांगायचे आणि मग हसणं थांबायचं. गुण्या देव्हाऱ्याशेजारून निघून पेटीत गेला. आईने त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. जी बाई बोंबलांवरून दिवसभर भांडायची, तिने यावर गप्प राहावं, याचा अर्थ तिलाही सगळं ठाऊक होतं. बाबा माझ्याशी नीट वागायचे, फी भरायचे, परीक्षेला सोडायला यायचे. फक्त त्यांनी पुन्हा कधी माझ्या हातात हत्यार दिलं नाही. साधी पाचर मागितली तरी स्वतः उठायचे. मी मोठी झाले, लग्न झालं, ते गेले, आणि आमच्यात तो विषय निघाला नाही.

मी गणिताची शिक्षिका झाले. लोकांना यात बापाचा वारसा दिसतो. पालघरच्या शाळेत तीस वर्षं मी सातवीला चौकोन शिकवले. दरवर्षी चार पट्ट्या आणि चार खिळे घेऊन जायचे, मुलांना ढकलायला लावायचे, पाचवी पट्टी ठोकून दाखवायचे. पण बाबांचं ते वाक्य मी कधी वर्गात उच्चारलं नाही.

कोळगावला सरकारी कचेऱ्यांसाठी मोठ्या इमारती झाल्या. त्या बाजूला एका कामासाठी गेले असता रांगेत पुढे पाड्यावरची एक बाई भेटली, बोलता बोलता सोनीच्या आत्याच्या घरातली निघाली. सोनी आहे, म्हणाली, जुन्याच जागी आहे. मी पंधरा दिवस काढले आणि मग रिक्षा करून गेले.

सोनी अंगणात गुरांच्या वाडग्याचं फाटक दुरुस्त करत होती. केस पांढरे, उजव्या मनगटाला फडकं गुंडाळलेलं, त्या मनगटाने ती पट्टी दाबून धरत होती आणि डाव्या हाताने काम करत होती. मी नाव सांगितलं. तिने मला ओळखायला वेळ लावला नाही. गुरुजी हायत का, असं पहिलं विचारलं. मी म्हटलं, गेले, फार वर्षं झाली. तिने हातातला पेचकस खाली ठेवला. म्हणाली, दवाखान्यात ते रोज यायचे, पेरू आणायचे, पुढे घरी येऊन डाव्या हातात पेचकस धरायला त्यांनीच शिकवलं. हे मला माहीत नव्हतं. बोइसरच्या खोक्यांवरून दमून सुटलेला माणूस कुठे जाऊन उशिरा येतो, हे आम्हाला घरात कधी कळलं नव्हतं.

मग मी जे सांगायला आले होते ते सांगितलं. पट्ट्या मी हेव्याने काढल्या. वाकतंय हे मला पाचव्या दिवशीच कळलं होतं. ती ऐकत होती आणि स्क्रू तोंडात धरून ठेवला होता. तो काढून ती शांतपणे म्हणाली, ‘ते माना ठावं व्हतं. पन मी दोन वेला हाक मारली तुला.’

होय. दोनदा. मला ऐकू आली होती.

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, माफीही नव्हती. ती फाटकाकडे वळली, खाली पडलेली तिरकी पट्टी उचलून तिने चौकटीवर ठेवली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘धर तिकडून.’

मी धरलं. तिने मनगटाने पट्टी दाबली आणि डाव्या हाताने एकेक स्क्रू पिळला, चारही. बराच वेळ लागला. माझ्या बोटांना मुंग्या आल्या, घाम डोळ्यांत गेला, मी हात हलवला नाही. शेवटी तिने फाटकाला खांद्याने एक धक्का देऊन पाहिला. ते जागचं हललं नाही.

‘सोड आता,’ ती म्हणाली.

मी आणखी थोडा वेळ धरून उभी राहिले.